गयाबाईंची न बोलणारी नात

आमच्या धारूरच्या अंगणवाडीत मी आज्यांना शिकवत होते. लेकराकडं नीट बघा, काय बोलतंय ते ध्यानात ठेवा, एवढंच. शेळ्या राखणाऱ्या गयाबाईंच्या मांडीवर दोन वर्षांची नात होती. मी विचारलं, "मावशी, ही काय काय बोलती?"

"एक शब्द न्हाई, बाई."

हिला डॉक्टरांना दाखवायला पाहिजे, असं मी सांगणार, तेवढ्यात त्यांची कबरी शेळी दारातून आत घुसली. पोरगी ताडकन उठली, हात उगारून ओरडली, "हाड कबरे, चल माघारी!"

मी म्हटलं, "अहो मावशी, ही तर लई बोलती की."

गयाबाई म्हणाल्या, "ह्ये बोलणं व्हय? ह्ये तर तिचं काम हाय."