अकरा वेळा बंद पडलेला कॉम्प्युटर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या दीपांकुर कॉम्प्युटर्सचे व्यवस्थापकीय संचालक माननीय गुंडोपंत देसाईसाहेब, प्रमुख पाहुणे प्राचार्य आकाराम चौगुले सर, व्यासपीठावरील संचालक मंडळी, आजचे सत्कारमूर्ती शमशुद्दीन बारगीर, त्यांच्या पत्नी खतिजाभाभी, आणि उद्यमनगरातून हातातली कामं बाजूला ठेवून इथवर आलेल्या बंधुभगिनींनो,

मी रत्नाकर इंगवले, कंपनीच्या विक्री आणि जाहिरात विभागाचा प्रमुख. मला पाच मिनिटं मिळाली आहेत. थोडा वेळ जास्त लागेल, अध्यक्षांनी मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं.

शमशुद्दीनभाईंची ओळख कोल्हापुरात करून द्यावी लागत नाही. गंगावेशीतलं त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान माहीत नाही असा माणूस या सभागृहात क्वचितच असेल. सहा वर्षांपूर्वी कंपनी सुरू झाली तेव्हा देसाईसाहेब स्वतः त्या दुकानात गेले आणि त्यांना घेऊन आले. कॉम्प्युटर त्यांनी तोवर पाहिलेलाही नव्हता. पहिलं यंत्र उघडून तासभर न्याहाळल्यावर ते म्हणाले, "ह्याला बी वीजच लागती न्हवं? मग कळंल हळूहळू." आणि कळलं. आज जिल्ह्यात आमची जी यंत्रं चालू आहेत, त्यांतल्या बहुतेकांना त्यांचा हात लागलेला आहे. (टाळ्या आत्ताच वाजवून घ्या. पुढं कदाचित तुम्हाला वाजवाव्याशा वाटणार नाहीत.)

निमंत्रणपत्रिकेत आपण वाचलं असेल की बारगीर प्रकृतीच्या कारणास्तव सेवेतून मुक्त होत आहेत. ती पत्रिका मी लिहिली. कंपनीत लिहिण्याचं काम माझ्याकडेच असतं. त्यांची प्रकृती उत्तम आहे. मग हा पंचावन्नाच्या आतला, हातात कला असलेला माणूस का चालला आहे? हे आज कुणी सांगितलं नाही तर पुढं कुणीच सांगणार नाही, म्हणून बोलतो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या प्रतिस्पर्धी कंपनीचं एक यंत्र आजऱ्याकडच्या एका काजू संस्थेत वरचेवर बंद पडत होतं. त्या कंपनीचं नाव मी घेत नाही. त्यांच्या दुरुस्ती विभागात कृष्णात पोवार नावाचे गृहस्थ होते. कृष्णात एके काळी शमशुद्दीनभाईंच्याच दुकानात तारांना सोल्डरचा डाग द्यायला शिकलेले, त्यांना चाचा म्हणणारे. दोष सापडेना तेव्हा ते चाचांकडे आले. कंपन्या वेगळ्या असल्या तरी शिकवलेला माणूस वेगळा होत नाही. रविवारी सुट्टीच्या दिवशी दोघं एस.टी.नं आजऱ्याला गेले.

सोमवारी सकाळी चहा घेताना शमशुद्दीनभाईंनी मला ती हकीकत सांगितली. म्हणाले, "महिन्यात अकरा वेळा बंद पडलाय बघा. पण दोष यंत्राचा न्हाय. मागं काजूगर वाळवायचं मशीन हाय, ते सुरू झालं की व्होल्टेज खाली बसतंय. तारच एक हाय दोन्हीला. तिथं आपला ठेवला असता तरी तेच झालं असतं."

मी दोन्ही गोष्टी ऐकल्या. छापली मात्र पहिलीच.

आपल्यापैकी अनेकांनी ती जाहिरात वर्तमानपत्रात पाहिली आहे. पान अर्धं, मध्ये उभी रेघ. डावीकडं 'आमचा कॉम्प्युटर', उजवीकडं 'त्यांचा कॉम्प्युटर'. उजवीकडं सगळ्यांत खाली जाड टाइपात होतं, 'आजरा भागातील एका ग्राहकाकडे एका महिन्यात अकरा वेळा बंद.' नाव कुणाचंच नव्हतं. पण त्या भागात तेव्हा कॉम्प्युटर होताच एक. नाव न छापून मी कुणाला फसवत होतो?

जाहिरात गाजली. दिवसभर फोन वाजत होता. त्या तिमाहीत आमची आठ यंत्रं विकली गेली आणि याच व्यासपीठावर माझा सत्कार झाला. तेव्हाचा हार मी घरी दोन दिवस ठेवला होता, हेही कबूल करतो.

आठवडाभरानं त्या कंपनीनं कृष्णात पोवारांना बोलावून विचारलं की हा आकडा बाहेर गेला कसा. परक्या माणसाला यंत्र उघडून दाखवलं, हे त्यांनी लपवलं नाही. त्यांना त्याच दिवशी कामावरून कमी केलं. तिथून ते थेट शमशुद्दीनभाईंच्या घरी गेले. खतिजाभाभींनी पुढं केलेला चहा त्यांनी घेतला नाही. एवढंच म्हणाले, "चाचा, तुमी असं करणार न्हाय, म्हाईत हाय मला. पण आकडा तुमालाच ठावूक हुता." आणि निघून गेले. हे मला भाभींनी सांगितलं. शमशुद्दीनभाईंनी ते कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"साहेब, अकरा आकडा खरा हाय."

मी म्हटलं, "मग झालं तर. खोटं काय छापलं आपण?"

"खोटं कायच न्हाय. म्हणूनच कुणाला काय म्हणता येईना झालंय. खोटं असतं तर भांडलो असतो की." मग म्हणाले, "तारेचं बी छापा. तेवढंच मागतो."

मी ती मागणी वर नेली. वरून उत्तर आलं की कंपनीच्या हिताचा विचार करता खुलासा छापणं योग्य होणार नाही. देसाईसाहेब समोर आहेत. मी त्यांच्याकडं बोट दाखवत नाही, कारण ते उत्तर ऐकून मला हायसं वाटलं होतं.

मग शमशुद्दीनभाईंनी साध्या कागदावर, आपल्या सहीनं, काजू संस्थेला पत्र लिहिलं. दोष यंत्रात नसून तारेत आहे, कॉम्प्युटरला वेगळी लाइन घ्या, असं त्यात होतं. संस्थेनं ती घेतली. यंत्र नीट चालू लागलं. दुसरं यंत्र घ्यायची वेळ आली तेव्हा संस्थेनं ते त्याच कंपनीकडून घेतलं. त्या मागणीवर आमचा डोळा होता. तेव्हा बारगीरांना स्पष्टीकरण मागणारं पत्र गेलं. सही माझी होती. त्यांनी उत्तरात स्पष्टीकरण दिलं नाही, राजीनामा दिला.

आता प्राचार्यसाहेब मघाशी मला खासगीत म्हणाले की तुलनेची जाहिरात कंपनीला फायद्याची की तोट्याची, यावर त्यांचे वाणिज्य शाखेचे विद्यार्थी वाद घालत असतात. सर, आठ यंत्रं गेली, हा फायदा मी नाकारत नाही. पण नंतरचं वर्षही मी पाहिलं आहे. कसबा बावड्याच्या बाजूला महिलांची एक दूध संस्था आहे. तिच्या अध्यक्षा धोंडुबाई यांच्याकडं मी ती जाहिरात घडी घालून, मोठ्या अभिमानानं घेऊन गेलो. त्यांनी नातीकडून वाचून घेतली. मग म्हणाल्या, "पावणं, ह्यात तर लिवलंय की कॉम्प्युटर बंद पडतोय."

मी म्हटलं, "आमचा नाही, त्यांचा."

"आमाला काय कळतंय, कुणाचा कुठला? पेटी तर सारखीच दिसती. बंद पडणारी वस्तू दारात कशाला आणू मी?"

गावोगावी हेच झालं. आधीच लोकांना या यंत्राची धास्ती. 'त्यांचा' हा शब्द कुणी वाचलाच नाही. कॉम्प्युटर बंद पडतो, एवढं मात्र सगळ्यांनी वाचलं. जोतिबाच्या वाटेवर नारळ-गुलालाची दुकानं एकाला एक लागून आहेत. गिऱ्हाइकासाठी दुकानदार एकमेकांवर आवाज चढवतात, पण शेजाऱ्याचा नारळ नासका आहे असं कुणी म्हणत नाही. तसं म्हटलं तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जात नाही, रिकाम्या हातानं डोंगर चढतं. हे त्यांना न शिकता कळतं. मला पदवी घेऊन कळलं नाही.

आणि ज्यांनी ती आठ यंत्रं घेतली, त्यांनी जाहिरातीचं कात्रण जपून ठेवलं. यंत्र जरा अडलं की कात्रण पुढं येतं. एका ठिकाणी तर ते भिंतीवर चिकटवलं आहे आणि खाली पेन्सिलीनं रेघा मारल्या आहेत. आमचं यंत्र किती वेळा बंद पडलं त्याच्या. गेल्या महिन्यात मी स्वतः मोजल्या. सात होत्या. कुणाचं यंत्र किती वेळा बंद पडतं ते मोजत बसायला लोकांना आम्हीच शिकवलं.

पण हा सगळा प्रतिमेचा हिशेब झाला. प्रतिमा पुन्हा रंगवता येते. परवा मी कृष्णात पोवारांकडं गेलो. ते आता एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तारा गुंडाळतात. मला पाहून त्यांनी स्टूल पुसून दिलं. मी माफी मागितली. त्यांनी हातातली तार ताणून गुंडाळली. मग म्हणाले, "साहेब, तुमी चांगल्या मनानं आलाय. पण माफी हितं, दुकानाच्या कोपऱ्यात कशाला मागताय? जाहिरात काय कोपऱ्यात छापली न्हवती."

म्हणून आज, चारशे माणसांसमोर, अध्यक्षांना आधी न विचारता मी सांगतो. ती जाहिरात मी लिहिली. तारेचं मला माहीत होतं. बारगीरांनी मला विश्वासानं सांगितलेलं मी विकलं आणि त्यात कृष्णात पोवारांचं काम गेलं. उद्याच्या वर्तमानपत्रात एवढाच मजकूर माझ्या नावानं, त्याच पानावर येईल. कंपनीचं नाव त्यात नाही. त्यानंतर देसाईसाहेब मला जे पत्र देतील त्याचं उत्तर मी बारगीरांइतक्या थोडक्यात देऊ शकेन की नाही, सांगता येत नाही.

शमशुद्दीनभाई, तुम्ही खाली मान घालून बसला आहात. तुम्हाला हे आवडलं नसणार. तुम्ही मागितलं होतं ते दीड वर्षापूर्वी, आणि तेव्हा ते एका ओळीत भागलं असतं. कृष्णात पोवारांना मी निमंत्रण दिलं होतं. ते आलेले नाहीत.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल अध्यक्षांचा, पाहुण्यांचा आणि आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. निरोपाच्या प्रसंगी शोभेल असं हे भाषण झालं नाही. कुणाचा मान राखण्यात, कुणाचं नाव घेण्यात चूक झाली असेल तर ती पोटात घाला. आजऱ्याची चूक मात्र घालू नका.