आतली कडी

पेणच्या एसटी स्टँडवर रोह्याच्या गाडीचा पत्ता नव्हता. बाकावर बिल्किसच्या शेजारी एक म्हातारा आणि त्याचा विशीतला पुतण्या बसले होते. ऐकायचं नाही म्हटलं तरी त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडतच होतं.

"काका, काल व्हिडिओवर इंग्लिश पिक्चर बघितला. मेलेली माणसं उठून चावतात. ज्याला चावली तो पण तसलाच होतो."

"बरं."

"एकाला चावलं, तर मित्रांनीच त्याला बाहेर काढून दार लावलं. नावं घेऊन हाका मारतो बिचारा, पण कोण उघडत नाय. मी असतो तर उघडलं असतं."

"तुझ्या काशिनाथकाकाला मिठागरावर पिसाळलेलं कुत्रं चावलं व्हतं."

"म्हायती हाय."

"चौदा दिवस सुयांसाठी पेणला आणायचं तर मिठाचं काम बुडेल, म्हणून मीच गावठी औषध लावलं. पुढं पाणी बघून किंचाळायला लागला, तवा मीच त्याला मागल्या खोलीत घालून भायेरनं कुलूप लावलं."

"त्यांनी हाका मारल्या?"

"दोन दिवस. दादा, दादा करत व्हता. घरात तू रांगत व्हतास. मी नाय उघडलं."

"मग?"

"आवाज बंद झाला, तरी आणखी एक दिवस थांबलो. मग कुलूप काढलं, तर दार उघडंना."

"का?"

"त्यानं आतनं कडी घातली व्हती."