चावी दिल्यावर गप राहायचं

मंडळी, मागं जे उभे आहेत त्यांनी पुढं सावलीत या. कवठ्याचं ऊन बरं नव्हे. कुणी मेढ्याहून आलंय, कुणी दहिवडीहून. तुमच्यासमोर काय बोलावं हे मला अजून सुचलेलं नाही. बसूनच बोलते. उभं राहायचं बळ सध्या नाही.

शोकसभा घरी नको, ह्यांच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानासमोर घ्या, असं मीच म्हटलं. हे घरात जेवायला आणि झोपायला यायचे. बाकी इथंच असायचे.

तुम्ही पुष्कळजण ह्यांना, भीमाअण्णांना, व्हॅनमुळं ओळखता. जुन्या पेट्रोल व्हॅन, कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं तेव्हाच्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या गाडीत एक चपटा डबा असतो. तोच तिचा कॉम्प्युटर. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे तो ठरवतो. तो बिघडला की गाडी ढकलत इथं यायची.

मग लोक म्हणायचे, दुसऱ्या व्हॅनचा डबा काढून हिला लावा की. गाडी तीच, डबा तसाच, सॉकेटही तसंच. पण मधल्या काळात कंपनीनं वायरींच्या जागा बदलल्या. एका व्हॅनमध्ये ज्या टोकाला बॅटरीचा करंट येतो, दुसरीत त्याच टोकाला सेन्सरची नाजूक वायर असते. सॉकेट झकास बसतं. चावी दिली की डबा जळतो.

मेढ्याचे दिनकरभाऊ इथं बसलेत. तेही हेच काम करतात. एकदा ते ह्यांना म्हणाले, "अण्णा, बसतंय की वो सॉकेट. उगं कशाला येळ घालवताय?"

हे म्हणाले, "देवळाबाहेर दुसऱ्याची चप्पल पायात बसली, म्हंजी ती तुजी झाली का रं?"

दिनकरभाऊ, तुम्ही तेव्हा लय हसला होता. आज खाली बघताय. असू द्या.

ह्यांना जवळचं दिसत नव्हतं. चष्मा घामानं घसरतो म्हणून लावायचे नाहीत. डब्यावरचा बारीक नंबर मी वाचायची. माझी शाळा लवकर सुटली. मराठी वाचायला शिकले ते वाण्याच्या पुड्यांवरून, नंतर वाचनालयातली पुस्तकं आणून. इंग्रजी अक्षरं मात्र ह्या डब्यांवर शिकले. नंबर मी वाचायची, वायर बोटात धरून हे बघायचे. म्हणजे मला अर्धंच काम येतं. उरलेलं अर्धं ह्यांच्याबरोबर गेलं.

समोर ती पांढरी व्हॅन उभी आहे. सर्जेरावांची. पलटणीतून सुटून आल्यावर त्यांनी घेतली. आजारी माणसं, बाळंतपणाच्या बाया, सगळ्यांना मिरजेच्या दवाखान्यात तीच नेते. तिचा डबा गेला आणि ती बंद आहे, म्हणून माणसं एसटी बदलत जातायत. हे काही बरं नाही.

त्या दुपारी हे तिच्यातच काम करत होते. तिच्या जातीचा एकच डबा आमच्या फळीवर उरला होता. मी नंबर वाचला. पुन्हा वाचला. म्हटलं, "जुळतोय. लावा."

हे म्हणाले, "थांब. ही वरनं एक हाय आन् आतनं दुसरीच." उंदरांनी मधे तिच्या वायरी कुरतडल्या होत्या, आणि कुणीतरी दुसऱ्या व्हॅनचं वायरिंग तिच्यात घातलं होतं, त्यातच तिचा आधीचा डबा जळला. म्हणून नंबर जुळत होता आणि वायरी जुळत नव्हत्या. "एकेक वायर शोधल्याबिगर हिला डबा लावायचा न्हाई," म्हणाले. मग जेवायला घरी आले. जरा पडतो म्हणाले. ते उठलेच नाहीत.

दहावं झाल्यावर माझे दीर आले. "वैनी, द्या त्यो डबा. लावून बघतो."

मी म्हटलं, "लावून बघायचं नाही, भाऊजी."

"मी काय परका हाय व्हय?"

परके नाहीत. त्यांना सर्जेरावांची अडचण दिसत होती, तीच मलाही दिसत होती. पण मी डबा दिला नाही. माणूस गेला आणि बाई डब्याला धरून बसली, असं गावात म्हणाले. मी ऐकलं. भांडायला अंगात त्राण नव्हतं. डबा एकच आहे. तो जळला तर ही व्हॅन भंगारात जाईल, आणि ह्यांनी शेवटचं जे सांगितलं तेही वाया जाईल. एवढंच माझ्या मनात होतं. भाऊजी, राग धरू नका.

मग दिनकरभाऊ आले आणि राहिले. त्यांनी व्हॅनची एकेक वायर शोधली, चुकीच्या जागेवरची काढून बरोबर जागी घातली. मी नंबर वाचत होते. मधेच ते थांबायचे, मीही थांबायची. तिसरं माणूस काहीतरी बोलेल, असं दोघांनाही वाटायचं.

आज सकाळी डबा लावला. चावी अजून दिलेली नाही.

चावी दिली की आधी टाकीतला पेट्रोलचा पंप वाजतो. बारीक, घुंईं असा, आणि लगेच थांबतो. तो वाजला तर डब्याची नि वायरींची ओळख पटली. त्या आवाजासाठी हे सगळ्यांना गप करायचे. एकदा सरपंच फोनवर बोलत होते, त्यांनाही म्हणाले, "आवं सरपंच, जरा दम धरा. पंप काय म्हणतोय त्ये ऐकू द्या."

शोकसभेत शेवटी उभं राहून शांत राहतात. तुम्हीही उभे राहा. मीही राहते, कुणीतरी हात द्या. फोन बंद करा. पंप वाजला तर टाळ्या नकोत. नाही वाजला तर हळहळू नका. उद्या पुन्हा पहिल्या वायरीपासून बघू, नंबर वाचायला मी आहे.

सर्जेराव, तुम्ही गाडीपाशी उभे राहा. दिनकरभाऊ, तुम्ही आत बसा.

आता कुणी बोलू नका. दिनकरभाऊ, द्या चावी.