सलीमभाऊंची पाकिटं

बसा, बसा. माईक जरा खाली घ्या कोणीतरी, मी एवढी उंच नाही.

राबिघची माणसं तर आहातच, पण जेद्दाहहून आलात, थुवालहून आलात, कामं टाकून आलात. बरं वाटलं. बोलायला उठलेय खरी, पण जमेल असं वाटत नाही. चौथी शिकलेली बाई मी. चारचौघांत रडायला मला येत नाही, आणि गेलेल्या माणसाला साखर लावून बोलायलाही येत नाही. सलीमभाऊ देवमाणूस वगैरे नव्हते. हट्टी होते. लोणचं सोडत नव्हते, गोळ्या चुकवत होते. शेवटी काळजानं दगा दिला.

मी उठले ती इरफानमुळे. इरफान, त्यांचा मुलगा. बाळा, मघाशी तू इथंच उभा राहून म्हणालास की शेवटच्या वर्षात अब्बांचं डोकं चालेनासं झालं होतं. सगळ्यांनी माना हलवल्या. मीपण हलवली असती. वर्षभर तेच केलं. आज नाही हलवणार.

आमचं दार त्यांच्या दाराला लागून. चाळीस वर्षं त्यांनी इथं सौदीत कंपनीचं स्टोअर सांभाळलं. नोकरीच्या सुरुवातीला एक अमेरिकन इंजिनीयर मायदेशी परत जाताना त्यांना एक खोकं देऊन गेला. आत टपालाची जुनी पाकिटं, तिकिटं चिकटवलेली. त्यांच्या देशातली, दीडशे वर्षांपूर्वीची. सलीमभाऊंना त्याचं वेडच लागलं. एकेक पाकीट घ्यायचं, खाली कागद लावायचा आणि लिहायचं. कुठून निघालं, कुठं पोचलं, वजन किती, टपालाला किती पडले आणि तेवढेच का पडले. रिटायर झाल्यावर तर दिवसभर तेच. मी म्हणायची, "आत चिठ्ठी नाही, नुसती टरफलं जपताय."

ते चिडायचे नाहीत. समजावत बसायचे. एकदा म्हणाले, आक्का, पूर्वी तिकडं पाठवणाऱ्यानंच पैसे भरले पाहिजेत असं नव्हतं, घेणाऱ्यानं भरले तरी चालायचं. मी म्हटलं, "म्हणजे सासूनं शिव्या लिहून धाडायच्या आणि पैसे सुनेनं मोजायचे?" दुसऱ्या दिवशी सलीमभाऊ माझं हे बोलणं साऱ्या बिल्डिंगला सांगून आले.

त्यातलं एक पाकीट त्यांच्या जिवाचं. कॅलिफोर्नियाहून निघालेलं, वर दहा सेंटांचं हिरवं तिकीट. सोनं खणायला गेलेल्या कुणा पोरानं आईला धाडलेलं, असं ते म्हणायचे. एरवी देशात तीन सेंट पुरायचे, पण तीन हजार मैलांच्या पलीकडं पत्र जायचं असलं की दहा. मला दाखवून म्हणाले, "हे आपलंच आहे, आक्का. माणूस जेवढा लांब, तेवढं त्याचं घरी बोलणं महाग." आणि बोटानं शिक्का दाखवला. अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर. म्हणाले, हा शिक्का दोघांना बांधून ठेवतो. तिकीट सुटं झालं की कुठून आलं, किती लांब गेलं, काही सांगत नाही.

हे त्यांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. मांडीवर मेथीची जुडी होती, मी पानं खुडत हं हं करत होते.

मागच्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनला त्यांना जेद्दाहला नेलं. चार दिवस घराची किल्ली माझ्याकडं. झाडांना पाणी घालायचं. टेबलावर खोकं उघडं होतं. जेद्दाहचे कोणी जाणकार पाकिटं बघायला येणार होते, आणि सगळं नीट लावायचं राहिलंय म्हणून सलीमभाऊ जाताना कुरकुरत गेले होते. मला वाटलं, माणूस डोळ्याला पट्टी बांधून येणार, आपण करून ठेवू. तिकिटं पाण्यात भिजवून सोडवतात हे मी नातवानं शाळेसाठी तिकिटांची वही केली तेव्हा बघितलं होतं. परातीत कोमट पाणी घेतलं. पाकिटं भिजवली. सगळी. तिकिटं अलगद सुटली, टॉवेलवर रांगेत वाळवली. एक फाटलं नाही. मला मोठा अभिमान वाटला. आणि ती ओली, डागाळलेली पाकिटं बलदियाच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कचऱ्याच्या डब्यात टाकून आले.

सलीमभाऊ आले. टॉवेलपाशी उभे राहिले. मी वाट बघत होते की आता शाबासकी देतील. त्यांनी विचारलं, "आक्का, किती वेळ लागला?"

"अख्खी दुपार गेली," मी म्हटलं.

"दमला असाल. बसा, चहा टाकतो."

एवढंच. चहा पिऊन मी घरी आले. संध्याकाळी भिंतीपलीकडून इरफानचा आवाज आला. अब्बा, हे कोणी केलं? आणि सलीमभाऊंचा आवाज, "मीच भिजवली. जायच्या आधी. का भिजवली, आठवत नाही."

आता विचाराल, खोटं का बोलले? त्याच महिन्यात माझ्या हातून दोनदा गॅस चालू राहिला होता. माझी सून वैशाली, ती बघा तिसऱ्या रांगेत बसलीय, हॉस्पिटलात नर्स आहे. तिनं सांगितलं होतं, आई, आणखी एकदा असं काही झालं तर तुम्हाला सांगलीला पाठवावं लागेल. तिचं चुकलं नव्हतं. पण सांगलीत माझं कोण आहे? कुलूप आहे. सलीमभाऊंना हे ठाऊक होतं.

मी दुसऱ्या दिवशी सलीमभाऊंकडं गेले, म्हटलं, इरफानला खरं सांगून टाकते. म्हणाले, "माझा मुलगा मला कुठं पाठवणार? इथंच ठेवणार. तुम्हाला पाठवतील. गप्प बसा."

मी बसले.

मग त्यांची गाडीची किल्ली काढून घेतली. मग डोक्याच्या तपासण्या. मग कोपऱ्यावरच्या बकाल्याच्या दुकानात ब्रेड आणायला जायचं तरी सोबत कोणीतरी. लोक त्यांच्याशी मोठ्यानं बोलायला लागले, लहान मुलाशी बोलतात तसं. मी बघत होते. माझी जीभ या बिल्डिंगला चांगली माहीत आहे, लिफ्टमध्ये कोणी थुंकलं तर मी तीन मजले ऐकू जाईल असं बोलते. ती जीभ एका वाक्यासाठी वर्षभर उचलली नाही. रोज ठरवायची, उद्या सांगू. माणूस संपला, माझा उद्या आला नाही.

दुपार वाया गेली त्याचं मला काही नाही. पाकिटं गेली तेही एक वेळ सोडा, अडाणी बाईची चूक म्हणता येईल. पण शहाण्या माणसाला वेडं ठरवलं आणि मला कळत होतं, त्याला काय म्हणायचं? त्याला चूक म्हणत नाहीत.

इरफान, तुझ्या अब्बांना सगळं आठवत होतं. पाकिटं गेली तरी कुठलं पत्र कुठून कुठं गेलं, किती सेंट पडले, ते मला तोंडपाठ सांगायचे, दार लोटून, हळू आवाजात. कारण बाहेर त्यांना विसरायचं नाटक करावं लागत होतं, माझ्यापायी. मघाचं ते वाक्य मागं घे, बाळा. आत्ता नाही जमलं तर घरी जाऊन घे. मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.

वैशाली, तूही ऐकलंस. तुला योग्य वाटेल ते कर. मी भांडणार नाही.

आता सगळे जरा उभे राहू या. ज्यांना फातिहा येते त्यांनी मनातल्या मनात म्हणा. बाकीच्यांनी आपापल्या देवाला सांगा की हा माणूस शेवटपर्यंत शुद्धीत होता, शहाणा होता.

सलीमभाऊ, सांगितलं हो मी. फार उशिरा सांगितलं.