पाळण्याची चौथी बाजू

(उज्जैन, माधव नगर. दुसऱ्या मजल्यावरच्या घरातली लहान खोली. सकाळचे अकरा.)

विनोदिनी : मतलब, पाळण्याची चौथी बाजू तुम्ही आत बसून ठोकलीत?

जयंत : ठोकली नाही. सहा स्क्रू कसले. बाहेर बसायला जागा कुठे आहे? इकडे भिंत, तिकडे कपाट.

विनोदिनी : आणि आता बाहेर कसे येणार?

जयंत : उभा राहिलो की येईन. गुडघा धरलाय जरा.

विनोदिनी : कधीपासून?

जयंत : साडेनऊपासून.

विनोदिनी : अहो, दीड तास झाला. हाक नाही मारायची?

जयंत : तुझी पूजा चालली होती.

विनोदिनी : मग ते स्क्रू काढा परत.

जयंत : पेचकस घरंगळून कपाटाखाली गेला. पण पाळण्यात दोष नाही. माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो. कुरकुरला पण नाही.

विनोदिनी : मुलगी अकरा महिन्यांची आहे.

जयंत : पुढे वाढेल की.

विनोदिनी : आपला अनय आणि सूनबाई अश्लेषा, दोघं संस्थेच्या मॅडमना आणायला स्टेशनवर गेलीत. मूल दत्तक द्यायचं की नाही ते ती बाई आज ठरवणार. आणि आजोबा असे.

जयंत : अजून अर्धा तास आहे. मांडीला मांडी लावून बसलो तर सुटेल.

विनोदिनी : बेल वाजली.

जयंत : सब्जीवाला असेल. या खोलीचं दार लावून घे.

मीरा : नमस्कार, काकू. गाडी लेट होती, म्हणून बसने आले. नानाखेडा बसस्टँडवरून रिक्षा केली. अनय आणि अश्लेषाला फोन केलाय, परत निघालेत दोघं.

विनोदिनी : या, या. आधी चहा घ्या. पोहे पण आहेत.

मीरा : आधी बाळाची खोली बघते. हीच ना?

विनोदिनी : हीच. पण तिथे आत्ता जरा...

मीरा : नमस्कार, काका.

जयंत : नमस्कार. बसा. तो स्टूल घ्या.

मीरा : तुम्ही आत आहात.

जयंत : तपासणी चालू आहे.

विनोदिनी : अटकलेत हो मॅडम. खोटं कशाला बोलू, तुम्हाला कागदावर लिहायचं असतं.

मीरा : असू दे. खरं तर मला आज काकांनाच भेटायचं होतं. मागच्या वेळी मी एक प्रश्न विचारला आणि तुम्ही रामघाटावर जाऊन येतो म्हणून उठलात. मी दोन तास वाट बघितली.

जयंत : घाटावर गर्दी होती.

मीरा : मला लिहावं लागलं, आजोबांची संमती स्पष्ट नाही. मुलीची फाइल चार महिने तिथेच अडलीय. आजही तेच लिहिलं तर तिच्यासाठी दुसरं घर बघतील.

विनोदिनी : तुम्ही विचारा. आज ते कुठे जात नाहीत. मी लाटणं घालून पेचकस निघतो का बघते.

मीरा : काका, या मुलीला नात म्हणून घरात घ्यायची तुमची तयारी आहे?

जयंत : या गजांमधलं अंतर मोजा. सगळीकडे सारखं. डोकं अडकणार नाही.

मीरा : हे उत्तर नाही झालं.

जयंत : रंग दिलेला नाही. दात येताना मुलं लाकूड चावतात. नुसतं खोबरेल चोळलंय.

विनोदिनी : मॅडम, त्यांचं उत्तर हेच आहे. तीस वर्षं रेल्वेत सिग्नल दुरुस्त केले, माणसांशी बोलायची सवयच नाही. अहो, त्यांना लिहिता येईल असं काहीतरी बोला.

जयंत : वर्षापूर्वी मी अश्लेषाला म्हणालो होतो. कुणाचं कोण, ते मूल घरात कशाला आणता.

मीरा : मग?

जयंत : मग काही नाही. ती ताट वाढते, औषध आणून ठेवते. बोलत नाही. मीही बोललो नाही. काय बोलणार? म्हणालो तर होतोच ना.

मीरा : आणि हा पाळणा?

जयंत : तिसरा आहे. पहिला इतका हलायचा की शेजारचं मांजर पण बसेना. दुसऱ्याला पाचच गज लागले आणि लाकूड संपलं.

मीरा : मग काय लिहू? संमती आहे?

जयंत : आहे. ठळक लिहा.

विनोदिनी : निघाला बघा. हा घ्या पेचकस. जळमटांनी माखलाय सगळा.

मीरा : मला द्या काकू, मी काढते स्क्रू.

जयंत : बाहेरून नाही निघणार. स्क्रूची डोकी आतल्या बाजूला आहेत. इकडे द्या.

मीरा : सावकाश काढा. घाई नाही.

जयंत : मॅडम, संस्थेत तिला काय म्हणतात?

मीरा : शर्वरी. पण घरचे नाव बदलू शकतात. अश्लेषाने तीन-चार नावं काढून ठेवलीत.

जयंत : बदलू नका म्हणावं. त्या नावाला ती वळून बघत असेल एव्हाना. इथे घर नवं, माणसं नवी, भिंती नव्या. एक तरी गोष्ट तिच्या ओळखीची असू दे.

मीरा : हे तुम्ही अश्लेषाला सांगितलंत?

जयंत : म्हटलं ना, आमचं बोलणं नाही. तुमच्या कागदात लिहा, ती वाचेल.

मीरा : तसा रकाना नाहीये, काका.

विनोदिनी : जिन्यात चपला वाजतायत. आली दोघं. तुम्हीच सांगा तिला.

जयंत : आत्ता?

विनोदिनी : आत्ता.

मीरा : चार स्क्रू निघालेत, दोनच उरले. मी हात देते, बाहेर या आणि सांगा.

जयंत : दोन राहू देत थोडा वेळ. मध्ये गज असले तर मला बोलता येईल.