पोळ्यात उघडी ठेवलेली पेटी

मी झरीकडची, शांता. बाप पंपाच्या जळालेल्या मोटारी बांधून द्याचा, त्याच्याच बाजूले बसून मी तार गुंडाळाले शिकली, तो गेला अन् दुकान माया हाती आलं. आमच्याकडं रानडुकरं लय, वावरात भोंगा लावला का चार दिवसांत त्याइले सवय होते, मंग भोंग्याखालीच चरतात मेले. म्हून मी पेटी बनवली, जनावर जवळ आलं तवाच वाजे अन् दरवेळी आवाज न्यारा, कधी कुत्रं, कधी फटाका, कधी मायाच शिव्या. हसू नका, माया शिव्यायनंच जास्त पळत.

आमच्या गावात रीत हाय, नवं अवजार वावरात न्याच्या आधी पोळ्याच्या तोरणाखाली ठेवाचं, साऱ्यायनं हात लावाचा. माहा काका म्हने, लपवतं कायले वं, गाव आपलंच हाय. मी पेटी उघडून ठेवली, कोनती तार कुठं जाते तेही सांगतलं. मंग दोन वर्सानं यवतमाळच्या कॉलेजातल्या एका सरनं माया नावानं पेटंट काढून देलं. लय मिरवली मी.

अन् मंग ते पुण्याची मोठी कंपनी, मुडदा बसवला तिचा! तिचा मानूस पेटी घेऊन गेला, वरून ताई, कमाल केली म्हने, अन् पुढच्या हंगामात तेच यंत्र त्याइच्या नावानं दुकानात. मी केस टाकली. मले पैसा नको होता हो, पेटीवर माहं नाव पाह्यजे होतं.

मले वाटलं, आपन पह्यले बनवली हे दाखवलं का झालं. म्हून नागपूरच्या कोर्टात काकाले साक्षीले नेलं, माहा वकील त्याले नको नेऊ म्हने, मी ऐकते का! काका नवं धोतर नेसून गेलता, छाती फुगवून बोल्ला, साहेब, पेटंटच्या लय आधी पोळ्यात साऱ्या गावानं हे पेटी आतून पाह्यली हाय. कंपनीच्या वकिलानं काकाले हात जोडले, हसत हसत. कायदा म्हनते, अर्जाच्या आधी चारचौघात उघडं केलं त्याचं पेटंट होत नाही. माहं रद्द झालं. त्याइनं चोरलं ते चालते, मी दाखवलं ते चूक, आग लागो असल्या कायद्याले!

काय सांगू तुम्हाले, तवापासून काका मायाकडं वर मान करून पाहत नाही, मी तर त्याले एका शब्दानं बोल्ली नाही. आवंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी दुकानात आला, इचारे, पोरी, त्या पोत्याखाली काय हाय वं, तोरणाखाली न्याचं का? मी म्हनलं, काही नाही काका, जुनी मोटार हाय. जन्मात पह्यल्यांदा त्याच्यासंगं खोटं बोल्ली. तो बरं म्हनला अन् गेला, त्याले समजलं.

तुम्ही लिहून राह्यले, लिहा, चहा घ्या. पन त्या पोत्याकडं पाहू नका.