बोटीच्या दोन बॅटऱ्या चोरीला न गेल्याबाबत

पुरवणी जबाब

नाव : धक्क्यावर सगळे मला करंटकाका म्हणतात. वय : एकोणसाठ. धंदा : मासेमारी, एका बोटीत निम्मा हिस्सा. राहणार : बर्फ कारखान्याच्या मागे, वरचा मजला.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, आज दुपारी दिलेल्या चोरीच्या तक्रारीला जोडून सांगतो की,

माझी मुलगी ज्या घरी दिली आहे तिथले व्याही आणि मी मिळून एक बोट चालवतो. बोटीचे इंजिन चालू करायची बॅटरी वेगळी आहे. ती एकदम जोर लावते आणि दमते. दिवे, वायरलेस आणि तळातले पाणी उपसायचा पंप यांना मात्र तासन्‌तास थोडा थोडा करंट लागतो. त्याला डीप सायकल बॅटरी घ्यावी लागते. तिच्या आतल्या प्लेटा जाड असतात. अशा दोन बॅटऱ्या मी दुकानदाराचे डोके खाऊन निवडल्या. दोन्ही एकाच बनावटीच्या आणि एकाच दिवशी घेतलेल्या, कारण जुनी-नवी जोडी लावली की जुनी नवीलाही घेऊन बुडते. त्यांची देखभाल मी स्वतः करतो. चार्जिंग झाल्यावर डिस्टिल्ड वॉटर घालतो, टर्मिनल सोड्याच्या पाण्याने पुसून व्हॅसलीन लावतो, चार्ज निम्म्याच्या खाली कधी उतरू देत नाही, आणि आतले ॲसिड सांडू नये म्हणून आडवी कधी करत नाही. यावरून व्याही मला हसतात. "पोरीची वेणी तरी एवढ्या निगुतीने घातली होती का कधी?" असे विचारतात.

परवा बोट धक्क्याला असताना व्याही त्याच बॅटऱ्यांवर गाणी लावून झोपी गेले. शब्दाने शब्द वाढला. मी चारचौघांत म्हणालो, "व्याहीबुवा, पुन्हा बॅटरीला हात लावलात तर पोलिसात देईन." ते म्हणाले, "द्या."

काल मी इंजिनचा सुटा भाग आणायला दुसऱ्या बंदरात गेलो. वादळ झाले. विजेचे खांब पडले, फोन लागेनात. आज परत आलो तो सरळ बोटीवर गेलो. बॅटऱ्या जागेवर नव्हत्या. वायरी कापलेल्या नव्हत्या, नीट सोडवून बाजूला बांधून ठेवल्या होत्या. त्यावरून हे माहितगाराचे काम अशी माझी खात्री झाली. मी जेवलोही नव्हतो. तसाच ठाण्यात आलो आणि व्याह्यांवर संशय आहे असे सांगितले.

हवालदार आणि मी व्याह्यांच्या घरी गेलो. कुलूप होते. शेजारची शिलाईवाली बाई खिडकीतून म्हणाली, "अहो, इथे काय करताय? सगळे दवाखान्यात आहेत. तुमच्या लेकीला सकाळीच कळा सुरू झाल्या." मुलीचे दिवस भरायला अजून अवकाश होता. पुढचा रस्ता मला आठवत नाही. मोटारसायकल हवालदारांची होती.

दवाखान्यात बाळंतपणाची खोली आतल्या बाजूला आहे. तिला खिडकी नाही. लाइट कालपासून गेलेली, आणि तिथल्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या पाण्यावाचून बसलेल्या. खोलीबाहेरच्या बोळात फळीवर माझ्या दोन्ही बॅटऱ्या इन्व्हर्टरला जोडलेल्या दिसल्या. वायरीवर कुणाचा पाय पडू नये म्हणून व्याही स्टुलावर दोन्ही हात आडवे धरून बसले होते. सकाळी रस्त्यातली पडलेली झाडे हटवली नव्हती म्हणून त्यांनी एकेक बॅटरी खांद्यावरून आणली होती.

हवालदारांनी विचारले, "या बॅटऱ्या तुम्ही काढल्यात?"

"हो साहेब. न विचारता." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आडव्या नाही केल्या हो, सरळ धरून आणल्या. व्याहीबुवा, नात झाली आपल्याला."

मी दारातूनच आत डोकावलो.

नात अंगाने लहान आहे. तिला ऊब देणाऱ्या दिव्याखाली ठेवले होते. तो दिवाही बॅटऱ्यांवरच चालला होता. मी सवयीने खिशातला मीटर लावून पाहिला. बॅटऱ्या निम्म्यावर आल्या होत्या.

नर्सबाईंनी विचारले, "काका, आता बंद कराव्या लागतील का?"

मी म्हणालो, "चालू द्या. पार तळाला जाऊ द्या. बॅटऱ्या काय, दुकानात मिळतात."

"हे तुम्ही बोलताय?" असे म्हणून व्याही हसू लागले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मीही हसलो. बाळ झोपलंय, असे माझी बायको आतून ओरडली. आम्हाला काही आवरेना. शेवटी हवालदारांनी दोघांना व्हरांड्यात नेले. तिथे तेही हसले.

अंधार पडायच्या आत लाइट आली. तोवर दिवा एकदाही मंद झाला नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले की बाळ ठणठणीत आहे, आता आईजवळ द्यायला हरकत नाही. मुलीने तिला कुशीत घेतले आणि मला म्हणाली, "बाबा, नात बघायला पोलीस घेऊन आलात?"

तरी माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. बॅटऱ्या मी आज मागत नाही. लाइट पुन्हा जाईल म्हणून त्या तिथेच चार्जिंगला लावल्या आहेत.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात जिथे जिथे 'संशयित इसम' आले होते, तिथे तिथे 'व्याही' करून घेतले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही घाईत केली आहे. हवालदार मला परत दवाखान्यात सोडणार आहेत, आणि त्यांनाही बाळाला जागे असताना बघायचे आहे.